कालचा ब्रेड मागणाऱ्या काकांना

काका,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही. लिहिलं असतं तर उद्या काउंटरवर बोट आपटून "हे कशाला?" असं विचारायला आला असतात. पण समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय ओव्हनच्या दाराच्या रबराकडे नेता, आणि मानल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून हे उघड पत्र. वाचणाऱ्यांना एवढं पुरे की तुमचं आयुष्य भट्टीपुढे गेलं, आता तुम्ही निवृत्त आहात, आणि तुम्ही आमचे नात्यागोत्यातले कुणीही नाही.

हे शेवटचं मुद्दाम सांगते, कारण जे आमचे होते आणि ज्यांनी पैसे घेतले होते, त्यांचा अनुभव आधी आला.

घरातल्या घरात बेकरी काढायची म्हटल्यावर एका सल्लागाराने आम्हाला चकचकीत कागदावर पदार्थांची यादी दिली. क्रोसाँ, डोनट, कपकेक, क्रीमच्या पेस्ट्र्या, ब्राउनी, तीन तऱ्हेचे ब्रेड, पिझ्झाचा बेस, बिनसाखरेच्या कुकीज. यादी सुंदर होती. फक्त घरात माणसं किती, ओव्हन किती आणि पहाटे उठणार कोण, हे तिच्यात कुठेच नव्हतं. ओव्हन विकणारा म्हणाला, "ह्यात सगळं होतं." खरंच होतं, एका वेळी होत नाही, एवढंच. आणि नातेवाईक! ते यायचे, ट्रेमधला वाफाळता बन उचलायचे, "वा, छान!" म्हणायचे आणि जायचे. गरम असताना कुठला बन छान लागत नाही? त्या "छान"च्या आधारावर काय विकावं हे कुणी कसं ठरवायचं? संध्याकाळी उरलेला माल बघून आमच्या ह्यांचा चेहरा उतरायचा, आणि सकाळी पुन्हा तीच यादी.

मग तुम्ही आलात. काचेतून सगळं निरखलंत, ताज्याकडे पाठ फिरवलीत आणि विचारलंत, "कालचा ब्रेड आहे का?"

मला वाटलं, स्वस्तात हवा असेल. मी तसाच देऊ केला. तुम्ही पूर्ण पैसे ठेवलेत आणि गेलात. दोन दिवसांनी सकाळी आलात तेव्हा गर्दी होती. तुम्ही बाकावर बसून राहिलात. शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर खिशातून वर्तमानपत्राची पुडी काढलीत. आत त्याच ब्रेडची एक स्लाइस होती आणि कागदावर पेन्सिलीने लिहिलं होतं, "तिसरा दिवस". तुम्ही ती हलकेच वाकवलीत. मधोमध तुटून चुरा काउंटरवर पडला. तो तुम्ही स्वतःच तळहाताने गोळा केलात आणि हळू आवाजात म्हणालात, "बाळ, विकत नेणारा माणूस ब्रेड दुसऱ्या दिवशी सकाळी खातो. तुम्ही सगळे आजच चाखताय."

काका, त्यानंतर तुम्ही आम्हाला पुष्कळ शिकवलंत. पण मला विचाराल तर सगळी मदत त्या पुडीत होती. कुणीतरी आमचा शिळा ब्रेड घरी नेला, रोज थोडा थोडा खाल्ला, तारीख ध्यानात ठेवली, आणि जे सांगायचं ते चार लोकांसमोर न सांगता बाकावर बसून वाट पाहिली. ह्याचं मोल मला अजून नीट मांडता येत नाही. हे लिहितानाही डोळे भरून येतात, आणि सासूबाई म्हणतात, ब्रेडसाठी कुणी रडतं का.

मग मी वाचत बसले. हा प्रश्न आजकालचा नाही. 1852 मध्ये बूसँगो नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं होतं की पाणी उडू दिलं नाही तरी ब्रेड शिळा होतो, आणि पुन्हा गरम केला की बराचसा मऊ पडतो. म्हणजे नुसता सुकतो म्हणून कडक होतो असं नाही. आतल्या स्टार्चची घडण थंड झाल्यावर हळूहळू बदलत जाते, आणि फ्रिजच्या तापमानाला ती सगळ्यांत झपाट्याने बदलते. आमच्या सल्लागाराने उरलेला ब्रेड रात्री कुठे ठेवायला सांगितला होता? फ्रिजमध्ये! तुम्ही त्यावर एकच वाक्य बोललात: "फ्रिज ब्रेडचा वैरी. ठेवायचाच तर फ्रीझरमध्ये ठेवा, नाहीतर बाहेर."

त्या दिवसापासून यादीतल्या प्रत्येक पदार्थाला तुम्ही तोच प्रश्न लावलात, उद्या हा कसा असेल? क्रीमच्या पेस्ट्र्या पहिल्या गेल्या. त्या पाच अंशांच्या खाली ठेवाव्या लागतात, त्यासाठी काचेचं थंड कपाट रात्रंदिवस चालू हवं, आणि न खपलेली पेस्ट्री दुसऱ्या कशातही वळवता येत नाही. क्रोसाँचं मला वाईट वाटलं. पण लोणी घालून तीन वेळा तिहेरी घडी, म्हणजे लोण्याचे सत्तावीस थर, प्रत्येक घडीनंतर पीठ थंडाव्यात विसावायला हवं, आणि आमचा ओट्याला लागूनच ओव्हन. लोणी वितळणार नाही तर काय होणार? साध्या पांढऱ्या स्लाइस ब्रेडच्या वाटेला तर तुम्ही जाऊच दिलं नाहीत. 1961 मध्ये इंग्लंडमधल्या चॉर्लीवुडला जोरदार यंत्राने पीठ मळून फुगवण्याचे तास वाचवण्याची पद्धत निघाली, तेव्हापासून तो कारखान्यांचा माल झाला, असं तुम्ही सांगितलंत. "तिथे हात घालू नका, दमाल."

राहिलं काय? दूध-लोण्याचं एकच पीठ. स्निग्धांशामुळे ते जास्त काळ मऊ राहतं, आणि त्याच एका पिठाचे बन होतात, रोल होतात, वेणी घातलेला लोफ होतो. गिऱ्हाइकाला काउंटरवर तीन वस्तू दिसतात, मळताना मात्र एकच. ओव्हन सकाळी कडक तापलेला असताना लोफ, मग बन, आणि आच उतरू लागली की बिस्किटं. उरलेल्या लोफचे टोस्ट. आता संध्याकाळी टाकून द्यायला जवळजवळ काही निघत नाही.

बिस्किटांचंही तुमच्याकडेच येतं. कोपऱ्यात बसलेल्या सासूबाईंना तुम्ही विचारलंत, "बरणीतलं हे कोण करतं?" तोवर त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं, यादीत त्यांच्या बिस्किटांना जागाही नव्हती. कोरडा माल, हवाबंद डब्यात आठवडे टिकतो, पावसाच्या दिवशी गिऱ्हाईक आलं नाही तरी जीव टांगणीला लागत नाही. आज काउंटरवर त्यांची बरणी सगळ्यांत पुढे असते आणि त्या स्वतः तिच्या मागे. गिऱ्हाइकांशी इतकं बोलतात की आम्हीच मध्ये पडतो.

वजनाचा हिशेबही तुमचाच. भाजताना सुमारे दहावा हिस्सा वजन वाफ होऊन जातं, म्हणून 400 ग्रॅमचा लोफ विकायचा तर 450 ग्रॅमचा गोळा तोलायचा. सल्लागाराच्या कागदावर खर्चाचा तक्ता होता, त्यात ही वाफ धरलेलीच नव्हती. प्रत्येक लोफमागे पीठ आमच्या पदरचं जात होतं.

तुम्ही फी घेतली नाहीत, "रिकामाच असतो मी" म्हणालात. खोटं आहे ते. काकूंनी सांगितलं की तुम्ही दुपारची झोप मोडून येत होता. स्वतःची बेकरी चालवलेला माणूस दुसऱ्याच्या नव्या बेकरीत येऊन आपल्या काळाचे मोठेपण सांगत नाही, हे मी आधी पाहिलं नव्हतं. तुम्ही एकदाही "आमच्या वेळी" म्हणाला नाहीत. प्रश्न विचारायचात आणि उत्तर येईपर्यंत थांबायचात. कौतुक करणारे फार भेटले. नावडतं सांगायचं आणि ऐकणाऱ्याची मान खाली जाऊ द्यायची नाही, हे करणारे तुम्ही एकटेच. अशी सभ्यता कुठल्या कोर्समध्ये शिकवत असतील तर आमच्या सल्लागाराला तिथे पाठवायला हवं. फी मी भरेन.

आता एक भांडण. चॉकलेट केकच्या बाबतीत तुम्ही चुकलात. "हे धाकट्याचे लाड आहेत, काढून टाका" असं म्हणाला होतात. माझ्या दिराने ऐकलं नाही. तो केक आता फक्त आदल्या दिवशी सांगितला तरच करतो, काउंटरवर ठेवतच नाही. म्हणजे उरण्याचा प्रश्न नाही. तुमच्याच नियमात बसतो. ह्या शनिवारी तीन ऑर्डरी आहेत आणि चौथा त्याने तुमच्यासाठी धरला आहे. पैसे तो घेणार नाही, वाद घालू नका. तुमची साखर बंद असेल तर काकूंना पाठवा, त्यांनी तर आधीच हो म्हटलंय.

तुमची,
बेकरीतली सूनबाई