पंचेचाळीस दिवसांत पुरावा पुसू नका

प्रति,
मा. मुख्य निवडणूक आयुक्त,
भारत निवडणूक आयोग, नवी दिल्ली

महोदय,

सविनय नमस्कार. ३० मे २०२५ रोजी आयोगाने राज्यांच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांना कळवले, की निकालानंतर ४५ दिवसांत निवडणूक याचिका (म्हणजे निकालाला न्यायालयात आव्हान) दाखल झाली नाही, तर निवडणुकीच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरचे चित्रीकरण नष्ट करता येईल. देवाधर्माच्या नावाने मते मागणाऱ्यांविरुद्ध लढायला निघालेल्या मतदाराच्या हातचा उरलासुरला पुरावाही या पत्राने गेला.

कायद्यात कमतरता नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३(३) नुसार धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या आधारे मत मागणे आणि धार्मिक चिन्हे वापरणे हे भ्रष्ट आचरण आहे. २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी चार विरुद्ध तीन मतांनी सांगितले, की यात उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचा धर्मही येतो. तो वाद मुंबईतल्या सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीचा होता. हिशेब आपणच करा.

आता सामान्य मतदाराने काय करायचे ते बघा. याचिका ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात. सोबत दोन हजार रुपये अनामत आणि भ्रष्ट आचरणाचा आरोप असेल तर नमुना २५ मधले प्रतिज्ञापत्र. भाषण कोणी केले, कुठे, कोणत्या तारखेला, शब्द कोणते, हे सगळे नेमके हवे. वक्ता उमेदवार नसेल, तर उमेदवाराची संमती सिद्ध करा. आणि उमेदवारी अर्ज भरण्याआधी कितीही विष ओकले तरी ते कलम १२३ मध्ये बसत नाही, कारण तोवर तो माणूस कायद्याने ‘उमेदवार’च नसतो. म्हणजे जहाल सभा अर्ज भरायच्या आधी उरकली की सुटका.

पुराव्याचे तर विचारूच नका. आचारसंहिताभंगाच्या तक्रारींसाठी आयोगाचे जे सी-व्हिजिल ॲप आहे, त्यावर दोन मिनिटांचा व्हिडिओ चालतो, तोही तिथेच ॲपमधून घेतलेला. फोनमध्ये आधी काढून ठेवलेला चालत नाही. धर्माचे आवाहन दोन मिनिटांत मावत नाही. वक्ता आधी इतिहास सांगतो, मग भीती घालतो, मग घोषणा होते आणि शेवटी चिन्ह. न्यायालयाला ही सगळी साखळी लागते. भाषण फोनवर टिपले, तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे दोन भागांचे प्रमाणपत्र लागते: ‘अ’ भाग फोन ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, ‘ब’ भाग तज्ज्ञाचा, दोन्हींत फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइल जराही बदलली की बदलणारी तिची ओळखखूण. तीच फाइल व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवली की ती दाबून लहान होते, हॅश बदलतो, आणि समोरचा वकील पहिल्याच तारखेला तेवढ्यावर बोट ठेवतो. प्रमाणपत्राशिवाय अशी प्रत चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जुन्या पुरावा कायद्याखाली २०२० मध्ये जालन्याच्या निवडणूक याचिकेत पक्के केले आहे.

पूर्ण, अखंड, अधिकृत चित्रीकरण असते ते तुमच्याच व्हिडिओ पथकाकडे. मतदाराने त्याची प्रत मागायची, कार्यालयाने ‘कार्यवाही सुरू आहे’ म्हणायचे, आणि तोवर ४५ दिवस उलटायचे. याचिका नाही म्हणून पुरावा नष्ट, आणि पुरावा नाही म्हणून याचिका नाही! याला निवडणूक घेणे म्हणायचे का?

याचिका झाली तरी काय होते ते बघा. धर्माच्या नावाने मते मागितल्यावरून गाजलेली मुंबईतल्या विलेपार्ल्याची पोटनिवडणूक १९८७ ची. उच्च न्यायालयाने ती १९८९ मध्ये रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले ११ डिसेंबर १९९५ ला. ती विधानसभा कधीच संपली होती. प्रचाराची भाषणे करणाऱ्या बाळासाहेब ठाकरे यांचा मताधिकार सहा वर्षांसाठी काढल्याचा आदेश निघाला १९९९ मध्ये. कायद्याच्या कलम ८६ मध्ये लिहिले आहे, की सुनावणी सहा महिन्यांत संपवण्याचा प्रयत्न व्हावा.

आणि आचारसंहिता? मशिदी, चर्च, मंदिरे प्रचाराचे व्यासपीठ म्हणून वापरू नयेत, हे तिच्यात स्पष्ट आहे. तरी मठाधिपतींचे आशीर्वाद, मौलानांचे आवाहन, बिशपांचे पत्र हे सगळे मतदानाच्या तोंडावरच बाहेर येते. एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विचारणा केली, तेव्हा कुठे आयोगाने काही नेत्यांवर ४८ ते ७२ तासांची प्रचारबंदी घातली. २०२४ मध्ये तर वक्त्यांऐवजी पक्षाध्यक्षांना नोटिसा गेल्या. दंगलीत दुकान जळते ते फेरीवाल्याचे, आणि नोटिशीला उत्तर लिहितो पक्षाचा वकील. ज्याने धर्म सांगून मत घेतले, त्याला पुढली पाच वर्षे पाणी, शाळा, दवाखान्याचा जाब कोणी विचारत नाही. विचारणारा धर्मद्रोही ठरतो. संविधानाच्या कलम ३२४ ने आयोगाला अधिकार दिले ते नेमके हे थांबवायला.

तेव्हा ३० मे चे पत्र मागे घ्या. प्रचारसभांचे चित्रीकरण किमान एक वर्ष राखा. कोणत्याही मतदाराने मागितले की सात दिवसांत पूर्ण भाषण, कलम ६३ च्या प्रमाणपत्रासह द्या. धर्माच्या आवाहनाची तक्रार आली की ७२ तासांत कारणांसह लेखी आदेश काढा आणि तो संकेतस्थळावर टाका, तक्रार फेटाळली असली तरीही. यातल्या एकाही गोष्टीला संसदेत नवा कायदा लागत नाही. आयोगाचे एक परिपत्रक पुरते, जसे ३० मे ला पुरले.

उत्तराची वाट पाहत आहोत, तेही लेखी.

आपले,
तक्रारी करणारे मतदार