ठेव मोडायची नाही, बाबा

पणजी,
रविवार दुपार

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर बाबा मध्येच उठून गॅलरीत गेले असते आणि आईला दोन्हीकडची समजूत काढत बसावं लागलं असतं. म्हणून लिहिते आहे. बाबा, ठेव मोडायचा अर्ज मी सही न करता परत पाठवला आहे. मंगळवारपर्यंत कुरिअर एरंडवण्यात पोचेल. ठेवीवर आपल्या दोघांची सही लागते, म्हणजे भाऊकाकांच्या ओळखीच्या त्या माणसाला सिंधुदुर्गातल्या जमिनीसाठी पाच लाखांचा विसार जाणार नाही. तुम्हाला न विचारता ठरवलं, त्याची टोचणी आहे. पण विचारलं असतं तर तुम्ही समजावलं असतं आणि मी ऐकलं असतं, हेही मला माहीत आहे.

भाऊकाकांशी मी स्वतः बोलले. तुमचं नाव मध्ये येऊ दिलं नाही, माझी सही नाही एवढंच सांगितलं. राग माझ्यावर राहू दे. तुम्ही कमला नेहरू पार्कातल्या कट्ट्यावर नेहमीसारखे जात राहा.

तो माणूस सांगतो की महाराष्ट्रात कॅसिनोचा कायदा 'आहेच', फक्त लागू व्हायचा राहिलाय, आणि तो झाला की मोपा विमानतळाशेजारच्या सिंधुदुर्गातल्या जमिनीचा गुंठ्याचा भाव पाचपट होईल. यातलं अर्धं एके काळी खरं होतं. महाराष्ट्र कॅसिनो (नियंत्रण व कर) कायदा १९७६ मध्ये विधिमंडळानं केला होता. तो अमलात आणायची अधिसूचना मात्र कधीच निघाली नाही. सत्तेचाळीस वर्षं तो कागदावर पडून राहिला आणि २०२३ मध्ये विधिमंडळानं तो रद्दच केला. म्हणजे ज्याच्या भरवशावर भाव सांगितला जातोय, तो कायदा आता कागदावरही नाही. लागू आहे तो १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा.

समजा उद्या नवा कायदा आला, तरी जमीन आहे म्हणून कॅसिनो मिळत नाही. इथे गोव्यात १९९२ मध्ये कायदा बदलला तेव्हा परवानगी मिळाली ती पंचतारांकित हॉटेलांना, तीही फक्त यंत्रांवरच्या खेळांना. पत्त्यांची आणि रूलेची, म्हणजे आकड्यांच्या फिरत्या चाकाची, टेबलं १९९६ च्या दुरुस्तीनं आली, ती जहाजांवर. म्हणून मांडवी नदीत ती जहाजं उभी दिसतात. परवान्याची वार्षिक फीच कोटींत मोजतात. काजू-आंब्याच्या दोन एकरांना या साखळीत जागा कुठे आहे? त्या जमिनीचा सातबारा, बिनशेतीचा आदेश, किनारा नियमन क्षेत्राचा दाखला यांतलं काहीही त्या माणसानं अजून दाखवलेलं नाही. आधी विसार मागितला, आणि मला खटकलं ते तिथेच.

बाबा, तुम्ही म्हणाल की कॅसिनो आला की गावाचं भलं होतं, पणजी बघ. मी रोज बघते. हॉटेलांची जीएसटी विवरणपत्रं भरणं हेच माझं काम, त्यामुळे आकडे माझ्या टेबलावरून जातात. डीलर, स्वयंपाकी, बोटीवरचे खलाशी, धोबी, सुरक्षारक्षक, सगळ्यांना पगार मिळतात, आणि ते खरे पगार आहेत. करही खरा आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून चिप्स (टेबलावर पैशांऐवजी लावायच्या चकत्या) घ्यायला दिलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. उरलेल्या चिप्स परत केल्या तरी त्यांच्यावरचा कर सुटत नाही. जिंकलेल्या पैशावर ३० टक्के प्राप्तिकर वेगळा, आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही. सरकारच्या वहीत हे सगळं छान दिसतं.

पण वहीला दुसरं पान असतं. १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्यानं स्वतःच्याच रहिवाशांना कॅसिनोत जायला बंदी केली. सिक्कीममध्येही स्थानिकांना खेळता येत नाही. सिंगापूरनं २०१० मध्ये दोन कॅसिनो उघडले, पण आपल्या नागरिकांना एका दिवसाच्या प्रवेशाला आधी १०० आणि २०१९ पासून १५० सिंगापूर डॉलर लावले, म्हणजे दहा हजार रुपयांच्या आसपास. घरच्या माणसांनी अर्ज केला तर त्या व्यक्तीला दारातच अडवायची सोयही तिथे केली. या तिघांनी कॅसिनोला परवानगी दिली, पण त्यांना आपलं माणूस आत नको आहे. बाहेरचा माणूस आला तर पैसा बाहेरून आला. गावचाच माणूस खेळला तर किराणा दुकानात, शाळेच्या फीत, घराच्या हप्त्यात जाणारा पैसा फक्त टेबलावर गेला. नवीन काही तयार झालं नाही. मग मांडवीत पैसे टाकतं कोण? शुक्रवारी रात्री पुण्याहून बसनं किंवा चोर्ला घाटातून गाडीनं निघालेली माणसं. कर पणजीत आणि दिल्लीत जमा होतो आणि रिकामा झालेला खिसा सोमवारी कोथरूडला परततो. त्या खिशाची नोंद कुठल्याच विवरणपत्रात नसते. याचाच मला सगळ्यात जास्त त्रास होतो.

आणि शेजारच्यानं तसंच दुकान टाकलं की पहिल्याचं काय होतं, ते अटलांटिक सिटीत दिसलं. न्यू जर्सीच्या मतदारांनी १९७६ मध्ये होकार दिला, १९७८ मध्ये पहिला कॅसिनो उघडला, वर्षानुवर्षं भरभराट झाली. मग शेजारच्या पेनसिल्व्हेनियात २००६ पासून कॅसिनो सुरू झाले. लोकांना घराजवळ सोय झाल्यावर इतक्या लांब कोण येणार? २०१४ या एका वर्षात बारापैकी चार कॅसिनो बंद पडले आणि सुमारे आठ हजार नोकऱ्या गेल्या. सिंधुदुर्गात कॅसिनो येईल म्हणून चढवलेला भाव गोव्याची मक्तेदारी मोडण्यावर उभा आहे, आणि मक्तेदारी एकदा मोडायला लागली की ती कुणाच्याच हातात टिकत नाही.

नानांच्या मटक्याच्या त्या लाल वहीबद्दल आपण घरात कधी बोललो नाही, आताही नको. पण हिशेब समजायला तीच सोपी पडते. मटक्याचा एक आकडा दहातला. लागला तर रुपयाला नऊ. म्हणजे शंभर रुपयांमागे सरासरी दहा रुपये मटकेवाल्याचे. रूलेच्या चाकावर शून्य धरून ३७ खाने. आकडा लागला तर ३५ पट आणि लावलेला रुपया परत, म्हणजे ३६. शंभरामागे कॅसिनोचे फक्त २ रुपये ७० पैसे. अमेरिकी चाकावर शून्य दोन असतात, तिथे ५ रुपये २६ पैसे. ऐकणाऱ्याला वाटतं, कॅसिनो किती सज्जन. पण मटक्यात दिवसाला आकडे दोन, ओपन आणि क्लोज. शंभर-शंभर लावले तर दिवसाकाठी सरासरी वीस रुपये गेले. चाक तासाला चाळीस वेळा फिरतं. दर वेळी शंभर लावले तर तासाला चार हजार फिरले आणि १०८ रुपये गेले. पाच तासांत ५४०. तिथे शंभर लावतो कोण? हजार लावले की ५,४००. ही सरासरी झाली, एखाद्या रात्री दहापट जातात, एखाद्या रात्री मिळतातही, आणि मिळालेली रात्रच माणसाला पुन्हा खेचून नेते. टक्का कमी आणि वेग जास्त, यावर सगळा धंदा चालतो. म्हणून प्रवेशाच्या पैशात जेवण आणि दारू धरलेली असते, आणि हातात नोटा नसून चिप्स असतात. माणूस टेबलाशी जितका वेळ बसेल तितके फेरे वाढतात. गेलेला पैसा परत मिळवायला रक्कम वाढवत जाणं, घरी खोटं सांगणं, उसने मागणं, ही जुगाराच्या आजाराची लक्षणं आहेत, आणि तो आजार जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही आहे. तो माणूस वाईट असतो म्हणून हे होत नाही. नानाही वाईट नव्हते, बाबा.

आई, जुगारात अडकलेल्या बंटीबद्दल काकूंशी तू बोल. बाबांनी नको, दोन्ही पुरुषमाणसं अडून बसतील. रोख रक्कम त्याच्या हातात द्यायची नाही. मदत करायचीच तर मुलीची फी परस्पर शाळेत भरा. कुठल्याही कर्जाला जामीन म्हणून सही करायची नाही, कितीही गळ घातली तरी. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर काकूंना लिहून दे. फोन फुकट असतो, मराठीत बोलतात, आणि घरच्यांनीही केला तरी चालतो.

बाबा, तुम्ही ही जमीन कुणासाठी घेत होता ते मला ठाऊक आहे. पहिलीच्या पावसाळ्यात तुम्ही स्वतः भिजत मला रेनकोटच्या आत घेऊन सायकलवर आणलंत, तसंच आताही चाललंय. पण आता मी मोठी झालेय, मला जमीन नको. तुम्ही दोघं नीट राहायला हवीत.

ठेव पुढच्या महिन्यात संपते. ती ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. सध्या ८.२ टक्के आहेत आणि घेतलेला दर पाच वर्षं बदलत नाही. पाच लाखांवर दर तिमाहीला १०,२५० रुपये येतील, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या सुरुवातीला. त्यात आईचं औषध, वाणसामान आणि रिक्षा आरामात निघेल. गुडघ्याच्या ऑपरेशनचा खर्च यातून काढायचा नाही, तो माझ्याकडे आहे, त्यावर चर्चा नको. हा महिना जिना दिवसातून एकदाच. आईची बीपीची गोळी सकाळी, चहाच्या आधी, देवपूजा झाल्यावर नाही.

मोबाइलवर रमीच्या जाहिराती आल्या तर दाबू नका. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्यानं देशभर बंदी आहे, त्यामुळे जे अजून बोलावतात ते परदेशी किंवा चोरटे आहेत. यूपीआयची रोजची मर्यादा मी आल्यावर पाच हजारांवर आणून ठेवीन. काही चुकून गेलंच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि मग मला. रागवणार नाही.

गुरुवारी रात्रीच्या बसनं निघतेय, शुक्रवारी पहाटे पोचेन. स्टँडवर यायचं नाही, बाबा, मी रिक्षा करीन. आई, अर्धा लिटर दूध जास्त सांगून ठेव. कुरिअर आलं की पाकीट फाडून टाकू नका. अर्ज फाइलला लावून ठेवा, त्याच्यामागे मी हा सगळा हिशेब पेन्सिलीनं लिहिला आहे. शुक्रवारी चहा झाल्यावर आपण दोघं तो पुन्हा मांडू. माझं कुठे चुकलं असेल तर तुम्ही दाखवा.

तुमची,
मनू