शाम शुई पोच्या आजींना आभारपत्र

आदरणीय आजी,

शिरसाष्टांग नमस्कार.

हाँगकाँगच्या शाम शुई पो भागात, बाजारालगतच्या एका साध्या डिम सम (चहासोबत खायचे वाफवलेले, तळलेले छोटे पदार्थ) हॉटेलात, सकाळच्या गर्दीत आपल्या टेबलावर जागा मिळालेल्या आम्ही मायलेकी. आपले नाव आम्हांला ठाऊक नाही आणि मराठी आपल्याला वाचता येत नाही. तरीही हे पत्र जाहीरपणे मराठीत लिहीत आहे, कारण त्या सकाळी आपण जे केले ते माझ्या माणसांना कळावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

माझी आई माळकरी आहे. गळ्यात तुळशीची माळ आली तेव्हापासून मांस, मासे आणि अंडे तिला वर्ज्य आहे. शिवाय ती माझ्याकडे आली ते दिवस चातुर्मासाचे असल्यामुळे कांदा-लसूणही बंद होते. मी नोकरीनिमित्त हाँगकाँगमध्ये राहते आणि इथले सगळे खाते. हा गाव जिथे खऱ्या अर्थाने जेवतो, तिथे आईला एकदा तरी न्यावे असे मला फार वाटत होते, परंतु डिम समच्या यादीवर नजर टाकली की हिंमत होत नसे. हार गाउ आणि सिउ माइ ही वाफवलेली डम्पलिंग, म्हणजे पारीत सारण भरलेले पदार्थ; हार गाउमध्ये कोळंबी, सिउ माइमध्ये डुकराचे मांस आणि कोळंबी, कमळाच्या पानात बांधलेल्या चिकट भातात कोंबडी. नुसत्या मुळ्याच्या वडीसारखा वाटणारा लो बाक गोसुद्धा वाळवलेली कोळंबी आणि सॉसेज घालूनच थापलेला असतो. आईने पिशवीत दशम्या घेतल्या होत्या आणि ती केवळ चहा घेणार होती.

आपण आमचे बोलणे ऐकले नव्हते. आईची रिकामी वाटी तेवढी पाहिली. माझ्या तोडक्यामोडक्या कँटोनीजमधून अडचण आपल्या ध्यानात आली, तेव्हा आपण समोरची ऑर्डरची चिठ्ठी स्वतःकडे ओढून घेतलीत आणि मी भीत भीत केलेल्या दोन खुणा पेन्सिलीने खोडून टाकल्यात. पहिली खूण होती भाज्यांच्या डम्पलिंगची. तिच्या पारीच्या पिठात डुकराची चरबी मळलेली असू शकते, हे आपण सांगितले नसते तर आम्हांला कधीच कळले नसते. दुसरी होती तीळ लावून तळलेल्या गोड गोळ्यांची. आत लाल चवळीसारख्या कडधान्याचे पुरण असले, तरी ज्या तेलात मांसाचे रोल तळले जातात त्याच तेलात ते पडतात, हे आपण हाताने कढई दाखवून समजावलेत.

आणि मग आपण उठलात. गुडघे धरत, खुर्च्यांच्या अरुंद वाटेतून थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलात आणि भर गर्दीच्या वेळी आचाऱ्याला बाहेर बोलावून त्याच्याशी बोललात. वाफेवरच्या टोपल्या एकावर एक रचलेल्या असतात आणि त्यांचे तळ बांबूच्या पट्ट्यांचे असल्याने वरच्या टोपलीतला रस खाली ठिबकतो; म्हणून आमची टोपली सगळ्यांत वर ठेवायला आपण बजावून आलात. इतका खोल विचार आमच्या वारकरी घरातल्या एखाद्या सासूबाईंनीच केला असता. त्याचे कारणही आपण मग सांगितलेत: चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी आपण स्वतः शाकाहार पाळता, कांदा-लसूणही टाळता, आणि तो दिवस पंधरावा होता. आमच्या कालनिर्णयातही त्या दिवशी पौर्णिमा होती. हे आईला सांगितले तेव्हा तिने आपल्याला बसल्या जागेवरून हात जोडले, ते आपल्याला आठवत असेल.

आईपुढे पहिल्यांदा आले ते साधे चेउंग फन, म्हणजे तांदळाच्या पिठाचे पातळ वाफवलेले थर, सुरळीच्या वडीसारखे गुंडाळलेले, वर तिळाची आणि शेंगदाण्याची चटणी आणि थोडा गोडसर सोया सॉस. नंतर कालवांचा ऑयस्टर सॉस न घालता उकडलेली चोय समची पालेभाजी आली. शेवटी त्या दिवसापुरता केलेला अळंबी आणि सोयाबीनच्या सायीच्या पापुद्र्यांचा रस्सा आला, तो आपण आपल्याच वाट्यातून तिच्या वाटीत वाढलात. आई पोटभर जेवली. दशम्यांची पिशवी तिने उघडली नाही.

चहाचे धडेही तिने आपल्याकडूनच घेतले. बसल्या बसल्या वाट्या आणि जेवायच्या काड्या गरम चहाने विसळायच्या, किटली रिकामी झाली की झाकण उघडून तिरपे ठेवायचे, कोणी कपात चहा ओतला की दोन बोटांनी टेबलावर हलकेच टकटक करून आभार मानायचे. वेष पालटून फिरणाऱ्या चीनच्या छिएनलोंग बादशहाची त्यामागची आख्यायिका आपण इतक्या रंगून सांगितलीत, की अर्धी भाषा न कळूनही आई हसत होती. आता घरी मी तिला चहा दिला की तिची बोटे आपोआप टेबलावर जातात.

आम्हां दोघींचे चहासकट बिल दीडशे हाँगकाँग डॉलरांच्या आतच झाले. 2009 साली शहराच्या मोंग कोक भागात लहानशा जागेत सुरू होऊन मिशेलिन या हॉटेलांच्या मार्गदर्शिकेचा तारा मिळवणाऱ्या टिम हो वान या डिम सम हॉटेलाचे नाव पाहुण्यांना ठाऊक असते, त्याची एक शाखा शाम शुई पोमध्येही आहे, आणि तिचे कौतुक योग्यच आहे. परंतु माझ्या मते या शहराचा खरा आधार म्हणजे आपण जिथे रोज सकाळी वर्तमानपत्र घेऊन बसता ती बिननावाजलेली हॉटेले, जिथे अनोळखी माणसे एका टेबलावर बसतात आणि थोडक्या पैशांत तासभर चहा पीत राहू शकतात. आमची गाठ पडली तीही टेबल वाटून घेण्याच्या या रिवाजामुळेच; वेगळे टेबल मिळाले असते तर आई उपाशी उठली असती.

हे वाचून कोणी मराठी कुटुंब आपल्या शाकाहारी वडीलधाऱ्यांना इकडे आणणार असेल, तर त्यांनी साधे चेउंग फन मागावे, भाजीवर ऑयस्टर सॉस नको असे आधीच सांगावे, पारीतल्या चरबीची आणि तळणाच्या तेलाची चौकशी करावी, आणि शक्य झाल्यास चांद्र महिन्याचा पहिला किंवा पंधरावा दिवस गाठावा. हे सगळे ज्ञान आपले आहे. मी फक्त पुढे पोचवीत आहे.

आपण निघताना आम्ही आपले बिल द्यायला पुढे झालो, तर आपण चिठ्ठी मुठीत घट्ट धरून नकार दिलात. तो मान आम्ही राखला. आता आई पुढच्या वर्षी कार्तिकी एकादशीनंतर पुन्हा येणार आहे आणि तिने आपल्यासाठी पंढरपूरचा बुक्का आणि डाळे-चुरमुऱ्यांचा प्रसाद आणायचे ठरवले आहे. त्या पौर्णिमेला सकाळी आम्ही त्याच हॉटेलात येऊ. त्या वेळी चहाचे पैसे मात्र आम्हांला देऊ द्यावेत, एवढी विनंती.

आपली कृतज्ञ,
माळकरी आईची मुलगी