घर विकणाऱ्याच्या प्रश्नांना सरळ उत्तर हवे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोल्हापुरात जुनी घरे आणि मोकळे प्लॉट गुंतवणूक म्हणून घेऊ पाहणाऱ्या नवख्या मंडळींपैकी मी एक आहे. कर्ज कसे काढावे, कोणत्या भागात भाव चढतील, हे सांगणारे आम्हाला पुष्कळ भेटतात. पण घराचा मालक समोर बसून प्रश्न विचारू लागला की काय बोलावे, हे सांगणारे थोडे, आणि त्यांतलेही बरेच जण चुकीचे सांगतात. म्हणून हे पत्र.

दोन वर्षांपूर्वी मंगळवार पेठेतील एक जुने घर पाहण्यास गेलो होतो. विक्रेत्याला थेट उत्तर देऊ नये, त्याच्यापुढे उलट प्रश्न टाकावा, असा धडा त्याआधीच्या रविवारी एका शिकवणीत घेतला होता. घरमालकीण आजींनी चहा पुढे करत विचारले, ‘‘घर तू ऱ्हायला घेणार, का पुढं कुणाला देणार?’’ मी म्हणालो, ‘‘तुम्हाला काय वाटतं?’’ त्यावर ‘‘मी इचारलंय ते सांग की,’’ असे त्यांनी सुनावले आणि गडबडून मी ‘‘राहायलाच’’ असे सांगून टाकले. प्रत्यक्षात साठेखत, म्हणजे पुढे विक्री करण्याचा लेखी करार, करून ठेवायचे, मुदत संपण्याआधी दुसरे गिऱ्हाईक गाठायचे आणि खरेदीखत त्याच्याच नावे करून द्यायला लावायचे, असा माझा बेत होता. पेठेत अशी गोष्ट लपत नाही. आठवडाभरात मध्यस्थाकडून निरोप आला, की आजी व्यवहार करणार नाहीत. भावाबद्दल त्यांची काहीच तक्रार नव्हती.

तो प्रश्न त्यांनी गप्पांच्या ओघात विचारला, अशी माझी समजूत होती. पुढे एका वकिलांनी समजावले, तेव्हा त्यातले मर्म कळले. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार केवळ साठेखताने मालकी बदलत नाही. खरेदीखताची नोंदणी होईपर्यंत घर विक्रेत्याच्याच नावावर राहते, पण ते दुसऱ्या कोणाला विकण्याची त्याची वाट मात्र बंद होते. अशा वेळी खरेदीदाराचा सगळा भरवसा अजून न भेटलेल्या तिसऱ्या माणसावर असेल, तर हे जाणून घेण्याचा विक्रेत्याला हक्कच आहे. आता मी पहिल्याच भेटीत खरे सांगतो. काहीजण तिथेच नकार देतात, त्याला इलाज नाही.

दुसरा हमखास प्रश्न असतो, ‘‘चेकनं किती आणि रोखीनं किती?’’ इथे नवखा माणूस एक तर गप्प बसतो किंवा होकार भरतो. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे, आणि तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो तो घेणाऱ्याला, म्हणजे विक्रेत्याला, ही गोष्ट त्याच्यापुढे मांडली की सूर बदलतो. शिवाय जुने घर विकून जो दुसरे घर घेणार आहे, त्याला भांडवली नफ्यावर ठरावीक अटींवर सूट मिळू शकते; मग कागदावर किंमत कमी दाखवून तो नक्की वाचवतो काय? किंमत 50 लाख किंवा त्याहून अधिक असेल, तर खरेदीदाराने 1 टक्का टीडीएस, म्हणजे विक्रेत्याच्या वतीने आधीच भरायचा प्राप्तिकर, किमतीतून कापून भरायचा असतो. ती रक्कम विक्रेत्याच्याच पॅन क्रमांकावर जमा होते, हेही आधीच सांगावे, नाहीतर ऐन नोंदणीच्या दिवशी ‘‘माझे पैसे का कापले?’’ यावरून वाजते.

सर्वांत अवघड प्रश्न भावाचा. 2019 आणि 2021 च्या महापुरात पाणी शिरलेल्या गल्लीतील एका गृहस्थांनी मला चिडून विचारले, ‘‘पाणी येतंय म्हणून पाडून मागताय काय?’’ होय, त्यासाठीच कमी मागत होतो, आणि तसे कबूलही केले. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 43 फुटांची धोका पातळी ओलांडते तेव्हा काय होते, हे त्यांना माझ्याकडून शिकायचे नव्हते. मी आसपासच्या व्यवहारांच्या सूची क्रमांक 2 च्या (नोंदणी झालेल्या व्यवहाराची किंमत दाखवणाऱ्या उताऱ्याच्या) प्रती आणि गवंड्याने लिहून दिलेला दुरुस्तीचा खर्च त्यांच्यापुढे ठेवला. भाव शेवटी जुळला नाही, पण ते गृहस्थ आजही रंकाळ्यावर भेटले की थांबून बोलतात.

‘‘बहिणीची सही कशाला? तिला लग्नात सगळं दिलंय,’’ असे भाऊ म्हणतात, तेव्हा वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे, हे स्पष्ट सांगावे लागते. कायदा 2005 मध्ये बदलला. त्या वेळी वडील हयात असण्याची अट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये ठरवले. वाईटपणा येतो, तो घ्यावा. इसाराचे, म्हणजे व्यवहार पक्का करताना दिलेल्या आगाऊ रकमेचे, त्या मानाने सोपे आहे: कर्ज नामंजूर झाले तर इसार परत मिळणार की बुडणार, हे तोंडी न ठेवता साठेखतातच लिहावे.

आपल्या वृत्तपत्राने एखाद्या अनुभवी वकिलाकडून अशा प्रश्नांची उत्तरे क्रमशः छापावीत, ही विनंती. नवख्या खरेदीदारांना ती उपयोगी पडतीलच. पण आयुष्यात एकदाच घर विकणाऱ्या माणसाला, आणखी कोणते प्रश्न विचारायचे राहिले, हेही त्यातून कळेल.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर