टेकडीवरचं गवत म्हणजे मोकळी जागा नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पाऊस संपत आला की 'कुठे जाल?' अशी यादी रविवारच्या पुरवणीत येते, तशी ती यंदाही आली. तिच्यात नेहमीप्रमाणे कास पहिलं. कासबद्दल माझी तक्रार नाही. पण आधी बुकिंग करायचं, साताऱ्यापुढे गाडी हाकायची, रांगेत उभं राहायचं आणि तासाभरात परत फिरायचं, हे सगळं मला आता झेपत नाही. मी कोथरूडची. पौड रस्त्याकडून वेताळ टेकडी चढायची, देवळापर्यंत जायचं आणि घरी यायचं, याला चहासकट दोन तास पुरतात. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर, म्हणजे पुणे शहरातली ही सगळ्यात उंच जागा. तिचं आपल्या यादीत नाव नाही.

नवरात्र ते दिवाळी हा टेकडीचा खरा हंगाम. गवत कमरेला लागतं, सकाळच्या तिरप्या उन्हात ते आधी तांबूस आणि मग पिवळं दिसतं. जुन्या खाणीत पाणी असतं. मोर पिसारा गाळून लांडे झालेले असतात आणि जरा ओशाळल्यासारखे झुडपांत घुसतात (हे आपलं मला वाटतं, मोराला काही वाटत नसेल). एवढंच की आठच्या आत उतरावं, ऑक्टोबरचं ऊन फार लागतं.

घरी आल्यावर मोज्यांतली कुसळं काढायला दहा मिनिटं जातात. सगळे वैतागतात, मीही वैतागायचे. मग एकदा नातीने एक कुसळ बशीत ठेवून त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले. कुसळाचा पीळ सुटायला लागला आणि ते बशीत आपोआप फिरू लागलं! ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा पडतो, आणि या वळण्यातच टोकाचं बी मातीत घुसतं. स्वतःचं स्वतः पेरून घेणारं हे गवत आहे. त्याला कुणी खड्डा खणून द्यावा लागत नाही.

खड्ड्यांचं मुद्दाम लिहिते आहे. गेल्या पावसाळ्यात एका कंपनीची माणसं एकसारखे टी-शर्ट घालून झाडं लावायला ऐन गवतात खड्डे खणत होती. मी विचारलं, "इथंच का?" एक मुलगा अदबीने म्हणाला, "काकू, इथं मोकळं आहे ना." त्याला काय बोलणार? सरकारी नकाशांतही गवताळ माळ वर्षानुवर्षं पडीक म्हणूनच रंगवले गेले. पण टिटवी अंडी घालते ती उघड्या जमिनीवरच, चार खड्यांच्या आधाराने. खाटीक पक्षी बाभळीच्या शेंड्यावर बसून टोळ हेरतो, ते टोळही गवतातलेच. टेकड्या लवकर हिरव्या दिसाव्यात म्हणून पूर्वी परदेशी ग्लिरिसिडिया लावला. आज त्याच्या दाट सावलीतून चालून पाहा, पायाखाली गवत औषधालाही सापडत नाही. झाडं लावायला माझा विरोध नाही, पण ती गवत उपटून नकोत.

दुसरं दुखणं वणव्याचं. दिवाळीनंतर गवत पार वाळतं आणि दरवर्षी कुठे ना कुठे काळा पट्टा दिसतो. एका विडीच्या थोटकाने किंवा भरकटलेल्या एका बाणाने काम होतं. कानाला मोबाइल लावून मधूनच गवतात शिरणाऱ्या मंडळींना काय सांगावं, मला अजून सुचलेलं नाही.

छापून आलं तर टेकडीवर गर्दी वाढेल, असं माझी मैत्रीण म्हणते. पायवाटेवर वाढली तर वाढू दे. २०२३ मध्ये टेकडीवरून नेऊ घातलेल्या बालभारती-पौड फाटा रस्त्याला विरोध करायला लोक घराबाहेर पडले. त्या वेळी माझ्या ओळखीतले जे आले, ते सगळे रोज टेकडी चढणारे होते. ज्यांनी कधी टेकडी चढलीच नाही, त्यांना ती नकाशावर मोकळीच दिसणार.

तेव्हा पुढच्या यादीत कासच्या खाली चार ओळींची जागा मिळाली तर पाहा. फोटो हवा असेल तर मोराचा नको, गवताचा छापा.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे