कोचची किंमत मार्चमधल्या एका रात्रीवरून ठरवू नका: इंडियानाच्या गव्हर्नरांना खुलं पत्र

मा. गव्हर्नर साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी लाफायेतमध्ये राहते, शिकायला आले आणि इथलीच झाले. हे पत्र इंग्रजीत तुमच्या ऑफिसला पाठवतेच आहे, पण मराठीतही टाकतेय कारण परड्यू युनिव्हर्सिटीत आणि ब्लूमिंग्टनच्या इंडियाना युनिव्हर्सिटीत आपली पोरं भरपूर आहेत आणि मार्चमध्ये कॉलेज बास्केटबॉलची देशपातळीवरची टूर्नामेंट आली की तीपण बाकीच्यांसारखीच "कोचला हाकला" सुरू करतात. तुम्हालाच का, तर दोन्ही युनिव्हर्सिटी सरकारी आहेत आणि त्यांच्या बोर्डावर ट्रस्टी नेमायचा अधिकार तुमच्याकडे आहे.

17 मार्च 2023 ची रात्र मी विसरणार नाही. परड्यू 29 मॅच जिंकून, बिग टेन ही आपली कॉलेजांची लीग जिंकून, वर लीगची टूर्नामेंटपण जिंकून मार्चच्या टूर्नामेंटला नंबर 1 सीड (सगळ्यात वरचं मानांकन) म्हणून गेलेली, समोर सगळ्यात खालची 16 वी सीड फेअरली डिकिन्सन, डिव्हिजन वन या वरच्या गटातली सगळ्यात बुटकी टीम, आणि आपल्याकडे सात फूट चार इंचांचा झॅक ईडी. 63-58 हरलो. त्याआधी 2021 ला नॉर्थ टेक्सस, 2022 ला सेंट पीटर्स, म्हणजे ओळीने तीन वर्षं लहान टीमकडून बाहेर, मग परड्यूचा कोच मॅट पेंटर, त्याला मार्च झेपत नाही हे सगळ्यांनी ठरवूनच टाकलं. युनिव्हर्सिटीने त्याला ठेवलं. पुढच्याच वर्षी तोच कोच, तोच ईडी, आणि परड्यू 1980 नंतर पहिल्यांदा फायनल फोरला (शेवटच्या चार टीममध्ये), तिथून थेट फायनलला. कनेक्टिकटकडून हरलो, 75-60, पण ईडीने त्या मॅचमध्ये 37 पॉइंट काढले.

एका वर्षात कोच एवढा बदलला का? नाही ना. एक हरलं की घरी अशी ही टूर्नामेंट आहे, एनबीएसारखी सात मॅचची सिरीज नाही. प्रत्येक मॅच जिंकायची शक्यता 80 टक्के धरली तरी सलग सहा जिंकायची शक्यता जेमतेम 26 टक्के येते, कॅल्क्युलेटरवर बघा. व्हर्जिनियाचंच बघा, 2018 ला 16 व्या सीडकडून हरणारी पहिली नंबर 1 टीम, 20 पॉइंटनी हरली, आणि 2019 ला टोनी बेनेटच्याच हाताखाली चॅम्पियन. आपल्या लोकांना राहुल द्रविड आठवेल, 2023 ला सलग दहा जिंकून अहमदाबादची फायनल गेली, आणि सात महिन्यांनी बार्बाडोसला त्याच्याच टीमने वर्ल्ड कप उचलला.

आता ब्लूमिंग्टन. इंडियानाचा कोच टॉम क्रीनने 2016 ला बिग टेन जिंकून दिली, 2017 चा सीझन वाईट गेला हे खरं, टूर्नामेंटला नंबर लागला नाही, आणि त्याच मार्चमध्ये त्याला काढलं. नंतर आलेल्या आर्ची मिलरच्या चार सीझनमध्ये इंडियाना एकदाही टूर्नामेंट खेळली नाही (2020 ची कोविडमुळे रद्दच झाली). घाईने काय मिळालं?

माझं मागणं एवढंच आहे साहेब, पुढचे ट्रस्टी नेमताना कोचच्या करारातलं हे बघायला सांगा. बोनस आणि नोकरी दोन्ही मार्चला टांगू नका. लीगच्या वीस मॅच असतात, काही घरी आणि काही बाहेर, तिथे नशीब बरंच धुतलं जातं, ते तीन-चार वर्षांचं धरा. किती पोरांनी डिग्री पुरी केली ते धरा. टूर्नामेंटपण धरा, मी नको म्हणत नाही, पण एक भाग म्हणून.

जीन कीडीने परड्यूला 25 वर्षं दिली, सहा वेळा बिग टेन जिंकली, फायनल फोर एकदाही नाही. मॅकी अरीनाच्या कोर्टला आज त्याचं नाव आहे आणि पेंटर त्याच्याच हाताखाली खेळलाय. कधी मॅचला आलात तर ते नाव नक्की बघा.

आपली,
लाफायेतची एक रहिवासी