शिकलेली माणसं इथेच आहेत, जरा बघा तरी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात तालुक्याच्या ठिकाणी उद्योगवाल्यांची एक बैठक होती, मीपण गेलो होतो. बाहेरून आलेल्या एका साहेबांनी चहा पिता पिता सरळ सांगून टाकलं की तुमच्याकडे रेल्वे आहे, हायवे झाला, चिपीला विमानतळ झाला, पण कामाला शिकलेली माणसं कुठून आणायची? आणि वाईट याचं वाटलं की आमच्यातलेच चार जण मान डोलवत होते. मला तिथे पटकन बोलायला सुचलं नाही, घरी आल्यावर दोन दिवस तेच डोक्यात घोळत होतं, म्हणून हे पत्र.

माझं सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या वेंगुर्ला तालुक्यात काजू प्रक्रियेचं छोटं युनिट आहे. सोळा माणसं, त्यातल्या अकरा बायका, सगळी आजूबाजूच्या वाड्यांमधली. काजूचं काम म्हणजे काय, बी फोडायची आणि पिशवीत भरायची, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात बी वाळवून बॉयलरच्या वाफेवर काढायची, रात्रभर गार करायची, मग फोडायची, मग गर ड्रायरला, मग साल काढणं, ग्रेडिंग, पॅकिंग. ड्रायरमध्ये गर जास्त वेळ राहिला तर करपट दिसतो आणि तुकडा वाढतो, कमी राहिला तर साल सुटत नाही, आणि पॅकिंगच्या वेळी ओलावा पाच टक्क्यांच्या वर असला तर तो माल टिकत नाही, दोन महिन्यांनी गिऱ्हाइकाचा फोन आलाच म्हणून समजा. म्हणजे प्रत्येक लॉटचं तापमान, वेळ, ओलावा मोजायचा आणि वहीत लिहायचा, रोज, न चुकता.

हे सगळं बघते ती मुलगी शेजारच्या वाडीतली. चौथीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा, मग गावचं हायस्कूल, बारावी कॉमर्स, बस. गेल्या सीझनला एका व्यापाऱ्याची तीनशेवीस नंबरची ऑर्डर होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, डब्ल्यू ३२० म्हणजे एका पौंडात, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅममध्ये, ३०० ते ३२० अख्खे गर बसले पाहिजेत, त्यापेक्षा जास्त बसले म्हणजे गर बारीक आणि भाव खाली. गाडी दारात उभी, ड्रायव्हर हॉर्न मारतोय, मी डबे चढवा म्हणून सांगितलं. हिने तीन डबे उघडले, काट्यावर ४५४ ग्रॅम घेतले आणि ताटात दहा-दहाचे ढीग लावून मोजले. एकात ३३८ निघाले. मला म्हणाली, "काका, हो माल तिनशेविसात बसूचो नाय." मी म्हटलं अगं थोडं इकडेतिकडे चालतं, तर वही पुढे केली, आधीच्या दोन लॉटचे आकडे दाखवले आणि म्हणाली की बी नवीन बागेतली आली तेव्हापासून गर बारीक येतोय, आता पाठवलं तर परत येईल. गाडी रिकामी पाठवली, दोन दिवस परत ग्रेडिंग केलं. तो व्यापारी आजपण आमचाच माल घेतो. आता मला सांगा, ही शिकलेली नाही तर काय?

दुसरं उदाहरण ड्रायरचं. भर एप्रिलमध्ये पॅनेल बंद पडलं, कंपनीचा माणूस यायला चार दिवस लागणार म्हणाले. आमच्याकडे बॉयलरवर असणारा मुलगा आयटीआय इलेक्ट्रिशियन आहे, त्याने मीटर लावून एकेक कनेक्शन तपासलं, सेन्सरची वायर उष्णतेने तुटलेली सापडली, संध्याकाळी सहाला ड्रायर चालू. चार दिवसांचा माल वाचला.

आता ही अशी दोन माणसं मला नशिबाने मिळाली असं कोणी म्हणेल म्हणून आकडे देतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून जे कोकण बोर्ड आहे ते सुरू झाल्यापासून दहावी-बारावीच्या निकालात राज्यात पहिलं येतंय. २०२४ ला दहावीचा निकाल ९९.०१ टक्के, २०२५ ला ९८.८२, त्या वर्षी राज्याचा होता ९४.१०. बारावीलाही २०२५ ला राज्य ९१.८८ आणि कोकण ९६.७४. निकालाच्या दिवशी सगळीकडे कौतुक होतं, पेढे वाटतात, आणि आठवड्याभरात सगळे विसरून जातात की ही एवढी पोरं पास झाली ती आता जाणार कुठे.

मला त्या टक्क्यांपेक्षा त्यामागच्या शाळांचं जास्त वाटतं. आमच्या वाडीतल्या शाळेचा पट अकरा. एकाच खोलीत तीन वर्ग बसतात, गुरुजी पहिलीला अक्षरं गिरवायला देतात तोवर चौथीला गणित घालतात, आणि मोठी मुलं लहानांचं वाचून घेतात. जुलैत सगळीकडे पाणीच पाणी असतं तरी सातवी-आठवीतली पोरं साकव ओलांडून हायस्कूलला जातात. या शाळांनी आमच्या पोरांना स्वतःहून वही लिहायची, मोजून बघायची सवय लावली, ती सवय मला माझ्या युनिटमध्ये रोज दिसते. म्हणून १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरवण्याच्या, निर्णयानंतर कमी पटाच्या शाळांतली पदं जाणार अशी चर्चा सुरू झाली तेव्हा पोटात गोळा आला. डोंगराळ भागात वाड्या लांब-लांब, तिथे पट कमीच असणार. २००१ ला सिंधुदुर्गची लोकसंख्या ८ लाख ६८ हजारांवर होती, २०११ ला ती ८ लाख ४९ हजारांवर आली, मुलं कमी झाली यात गुरुजींचा काय दोष?

आणि लोकसंख्या कमी का होते ते बघायचं असेल तर सकाळी लवकर बांद्याला जाऊन उभे राहा. पत्रादेवीच्या, म्हणजे गोव्याच्या हद्दीच्या, दिशेने मोटरसायकलींची रांग लागलेली असते, सगळी बारावी, आयटीआय, डिप्लोमा, बीएस्सी झालेली आपली पोरं, गोव्यातल्या कंपन्यांत शिफ्टला निघालेली. पावसात, अंधारात, रोज जाऊन-येऊन. त्यांना तिकडच्या कंपन्या घेतात, शिकवतात, टिकवतात. मग तीच पोरं इकडे नापास कशी होतात? मुंबईला गेलेल्यांचं तर विचारूच नका, प्रत्येक घरातून एक तरी.

माझं म्हणणं एवढंच की उद्योग आणायचा म्हटला की आपण जमीन, पाणी, वीज, रस्ता दाखवतो, तसं माणसंपण दाखवावीत. दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे, त्याच्या वेंगुर्ल्याच्या केंद्रातल्या काजूच्या जाती, वेंगुर्ला ४, वेंगुर्ला ७, आज आमच्या बागांमध्ये आहेत. पॉलिटेक्निक आहे, तालुक्याला आयटीआय आहे, आता ओरोसला मेडिकल कॉलेजपण झालंय. प्रत्येक आयटीआयने यंदा किती पोरं कुठल्या ट्रेडची बाहेर पडली याची यादी तालुक्यातल्या युनिटवाल्यांना दिली तरी खूप काम होईल. मला माझा इलेक्ट्रिशियन देवळात ओळखीने मिळाला, हे काही बरोबर नाही. आणि आम्ही युनिटवाल्यांनीपण पगार नीट द्यायला हवा, मी स्वतः दोन वर्षांपूर्वी वाढवला तेव्हापासून माणूस सोडून गेलेला नाही.

त्या साहेबांना हे पत्र वाचायला मिळालं तर त्यांनी सीझनमध्ये एकदा आमच्याकडे यावं. या जूनमध्ये माझ्याकडे दोन जागा भरायच्या आहेत, एक पॅकिंगच्या हिशेबाला, एक बॉयलरवर. वाडीत सांगून ठेवलंय, आत्तापर्यंत नऊ जण विचारून गेलेत, नऊच्या नऊ बारावी किंवा आयटीआय.

आपला,
एक काजू युनिटवाला, ता. वेंगुर्ला